दुसरा भाग लांबावा म्हणून

समजा, शाळेची मधली सुट्टी झाली आहे आणि तुम्ही नळापाशी रांगेत उभे आहात. पुढे-मागे एकच वाद पेटला आहे: हिमगजाच्या सिनेमाचा दुसरा भाग कधी येणार? पहिल्या भागाच्या शेवटी हिमगजाचं, म्हणजे त्या केसाळ हत्तीचं, पिल्लू बर्फाच्या भेगेत अडकलं, आईला हाका मारत राहिलं, आणि तिथेच पडदा काळा झाला. तेव्हापासून सगळ्यांचा जीव टांगणीला.

"परीक्षा संपली की लागणार. माझा मामा तिकिटाच्या खिडकीवर बसतो."

"तुझा मामा मागच्या परीक्षेलाही हेच म्हणाला होता."

"पुढच्या वर्षी येईल," रांगेतली बिट्टी म्हणाली. "नाहीतर त्याच्या पुढच्या."

"हिच्या तोंडाला कुलूप लावा रे कुणीतरी. पनवती कुठली."

बिट्टी पाणी न पिताच निघून गेली. त्या सिनेमाचं वेड तिच्याइतकं कुणालाच नव्हतं. आणि तो लवकर येऊ नये असं वाटणारी अख्ख्या शाळेत ती एकटीच होती. कारण त्या पिल्लाचा आवाज तिच्या आईचा होता, आणि आईचा आवाज गेला होता.

आई डबिंग करायची. काचेच्या खोलीत उभी राहून पडद्यावरच्या म्हाताऱ्यांना, खोडकर पोरांना, प्राण्यांना आवाज द्यायची. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. "आवाज परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तोवर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." घरात सगळं खुणांवर चालू झालं. बाबा म्हणायचे, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझी वाक्यं पूर्ण होतायत." आई त्यांना उशी फेकून मारायची आणि हसायची. हसण्यालाही आवाज नसायचा.

बिट्टीचा हिशेब सरळ होता. सिनेमा जितका लांबेल, तितका आईला वेळ मिळेल.

त्या दिवशी ती शाळेतून घरी आली, तर बाहेरच्या खोलीत एक तरुण मुलगी आई-बाबांसमोर बसलेली. दुसऱ्या भागात पिल्लाला आवाज आता ती देणार होती. पिल्लाची ती हाक शिकवायला आईनेच तिला बाबांकडून बोलावून घेतलं होतं. बिट्टीचं तोंड एवढंसं झालं. ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून दाराला टेकून उभी राहिली.

नवी ताई पुन्हा पुन्हा हाक काढून बघत होती. कधी ती मांजरासारखी यायची, कधी बिघडलेल्या भोंग्यासारखी. शेवटी तिने कपाळाला हात लावला.

"नाही जमत हो, मावशी. रेकॉर्डिंग तर तोंडावर आलंय. मी दिग्दर्शकांना सांगते, तारीख पुढे ढकला. सगळं त्या हाकेवरच तर आहे, ढकलतील ते."

बिट्टीने कान टवकारले. इतके दिवस ती दुसरं मागत काय होती? नकोच जमू दे हिला, ती मनात म्हणाली.

पण आईने जोरात मान हलवली. पिल्लाला बर्फात आणखी ताटकळत ठेवायला ती तयार नव्हती. तिने छातीवर हात ठेवला आणि ओठ उघडले. कोरडं खरखरणं तेवढं बाहेर आलं.

"अगं, काय करतेस?" बाबा ताडकन उठले.

आईने त्यांना हातानेच बाजूला केलं आणि पुन्हा प्रयत्न केला. तिचा हात गळ्याकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं. बाबा पाणी आणायला धावले. आईने तरी पुन्हा ओठ उघडले.

तेवढ्यात पिल्लू हाका मारू लागलं. तेच, बर्फातलं.

नव्या ताईने चमकून मागे पाहिलं. दाराशी बिट्टी उभी होती.

"श्वास सोडताना नाही काढायची," बिट्टी म्हणाली. "श्वास आत ओढताना काढायची. रडून रडून दमल्यावर हुंदका येतो ना, तशी."

"तुला आईने शिकवलं?"

बिट्टी हो म्हणणार, तोच आईने हात हलवून नाही म्हटलं. मग तिने दोन्ही हातांचा पाळणा केला, तान्हं बाळ असावं तसा तो हलवला, आणि बिट्टीकडे बोट दाखवलं.

"ही तान्ही असताना अशीच रडायची," पाण्याचा पेला घेऊन आलेले बाबा म्हणाले. "हिच्या आईने ती हाक हिच्याकडूनच उचलली."

बिट्टीने एकदा आईकडे पाहिलं. मग दप्तर उतरवून ती नव्या ताईसमोर मांडी घालून बसली, तिचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवून घेतला, आणि तिला नीट कळावी म्हणून ती हाक पुन्हा एकदा, अगदी सावकाश काढली.