मदरची घंटा
"मराठी वर्गात नऊच पोरं उरलीयत, जूनपासून वर्ग बंद," मॅनेजर फादरनी सांगून टाकलं. त्याच आठवड्यात शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी संस्थापक मदरची पितळी घंटा काचेच्या कपाटात सजवली. चावी माझ्याकडे, मी इथला शिपाई. हीच घंटा वाजवत जोगेश्वरीच्या तबेल्यांतून मदर पोरं गोळा करायच्या. मी त्यांतलाच, शेणानं भरलेल्या पायांनी शाळेत आलेला. काल सकाळी मराठी वर्गाच्या म्हाताऱ्या सिस्टर लुर्डिना कपाटापाशी आल्या. "धोंडू, उघड. वर्गाला नवी पोरं आणायचीयत." "महोत्सवाला बिशप येईपर्यंत हात लावायचा नाही, फादरनी बजावलंय." "मदरनी कोणाला विचारलं होतं?" मी कपाट उघडलं. घंटा वाजवत सिस्टर गेटबाहेर पडल्या, समोरच्या वस्तीत शिरल्या. एकेक दार उघडू लागलं. तेवढ्यात फादर धावत आले. "घंटा कुठंय?" मी रिकाम्या कपाटाला परत कुलूप लावलं. "कामावर गेली, फादर."