कंपनीच्या बाटलीतली

मेहुणा ग्लास उजेडात धरून बघत होता आणि टेबलाखाली दिगंबरचा पाय एकसारखा हलत होता.

बायकोशी लावलेली पैज साधी होती, निवाडा तिच्या भावाने द्यायचा. घरी केलेली बिअर हुबेहूब कंपनीसारखी लागली, तर जुना फ्रिज कायमचा दिगंबरचा. नाहीतर बिअर मुरवायला फ्रिज अडवल्यामुळे दीड महिना बाहेर टोपलीत सुकणारी बायकोची भाजी परत आत. ऐन वेळी त्याची हिंमत खचली. सकाळीच त्याने गुपचूप कंपनीची बिअर आपल्या बाटलीत ओतली आणि आपली कंपनीच्या बाटलीत भरून वर नवं बूच ठोकलं.

मेहुण्याने दिगंबरच्या बाटलीतून ओतलेल्या बिअरचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दाजी, साबणाचं पाणी पाजताय काय? घरची लगेच कळते!"

"नीट पिऊन बघ रे, शहाण्या!"

"नको बाबा." तो उठला, फ्रिजमधून कंपनीची बाटली काढून घटाघट प्यायला. "हां! हिला म्हणतात बिअर. शिका जरा!"

दिगंबर खुर्चीतून उसळला. जिंकलो म्हणून ओरडावं, तर लबाडी उघडी पडणार. बायको कोबी घेऊन दारात उभीच होती.

"आण तो कोबी," तो खदखदत म्हणाला, "आणि तुझ्या भावाला अजून एक दे. कंपनीचीच!"