डावा डोळा

"आज दुर्बिणीला पहिला डोळा मी लावणार," मिराशीबाई म्हणाल्या, तसा ताम्हनकरांचा खारी बुडवणारा हात कपावरच थांबला.

रात्री एक तांबडा, तेज बदलणारा तारा बघायचा होता. त्याचीच आखणी गच्चीवर दुपारच्या चहासोबत चालली होती. शेजारच्या पांढऱ्या ताऱ्याशी ताडून तो किती उजळ, हे दुर्बिणीतून बघून नजरेच्या अंदाजानं ठरवायचं. ताम्हनकरांना तो वर्षानुवर्षं ठळक दिसे, बाईंना फिका. आकाशनिरीक्षण मंडळ ताम्हनकरांनी काढलेलं, तेव्हा मंडळाच्या नावानं वेधशाळेकडे जाई तो त्यांचाच अंदाज. बाईंना सल्ला मिळे, चष्मा बदला.

"आता तर तुमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय," बाई म्हणाल्या. "त्या डोळ्यानं बघितलात का आपला तारा?"

ताम्हनकरांना एकाएकी खारीतच फार रस वाटू लागला.

"बघितला की! परवा एकेक डोळा झाकून किती वेळ चाललं होतं," चहा ओतता ओतता त्यांच्या पत्नीनं सांगून टाकलं. "नव्या डोळ्याला फिका दिसतो म्हणे. मोतीबिंदूमुळे पांढरं मंद दिसायचं नि तांबडं उठून. त्या दिवशी जेवले नाहीत."

"म्हणजे इतकी वर्षं माझंच बरोबर होतं!"

"शास्त्रात सातत्य लागतं, बाई," ताम्हनकर घसा खाकरून म्हणाले. "माझी सगळी निरीक्षणं जुन्या डोळ्याची आहेत. आज मी डाव्यानंच बघणार."

"आज बघाल हो," बाई म्हणाल्या. "पण मंगळवारी डाव्याचंही ऑपरेशन आहे ना?"

"होतं," ताम्हनकर म्हणाले. "सकाळीच फोन करून रद्द केलं."