दाबेल त्याचा वेग

अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेव विश्वंभर जागच्या जागी धावत होता. मामांनी त्याचे खांदे घट्ट धरून ठेवले होते, तरी मुंडावळ्या भिरभिरत होत्या.

"लग्नाच्या दिवशी कुणी ब्रेक तपासतं का रे?" मामा कुजबुजले.

"शेवटचीच चाचणी होती, मामा."

सकाळी त्याने स्पोर्ट्‌स कार ताशी दोनशे चाळीसवर नेली आणि नवे महागडे ब्रेक दाबले. गाडी अशी थांबली, की डॅशबोर्डवरच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. पण वेग कुठेतरी जायलाच हवा. या ब्रेकचा कायदा सरळ होता: दाबेल त्याचा वेग. तो दाबणाऱ्याच्या अंगात शिरायचा आणि दोन-तीन दिवस पळल्याशिवाय जिरायचा नाही.

तिसरं मंगलाष्टक सुरू झालं.

"मामा, सुटलो तर लग्न मोडेल हो!"

"गुरुजी, जरा उरका!" मामा ओरडले.

अंतरपाटापलीकडे केतकी उभी होती. हे ब्रेक तिनेच बनवले होते, त्यामुळे कायदा तिला तोंडपाठ होता. तिने शालू सावरला, अंतरपाटाखालून पाय पुढे केला आणि विश्वंभरचा पाय करकचून दाबला.

विश्वंभर एकदम शांत झाला. पलीकडे बांगड्या खळखळायला लागल्या.

"...सावधान!"

अंतरपाट दूर झाला. केतकीच्या जागी नुसता हार पडला होता आणि कार्यालयाचं फाटक अजून हलत होतं.

"मामा, गाडीची किल्ली!"

मामांनी किल्ली काढून दिली. "गाठशील रे तिला. पण तिच्याजवळ पोचल्यावर थांबणार कसा?"