नाताळचा पाहुणा

जर्मनीहून परतल्यापासून प्रज्योत योखेनला टाळत होता. बहरीनमधल्या प्लांटच्या कँटीनमध्ये योखेन दिसला की तो दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा आणि शिफ्ट सुटली की पहिलीच बस गाठायचा. योखेनने दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा प्रज्योतने ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी बायकोला, सीमाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. ईसा टाउनच्या त्यांच्या फ्लॅटवर नाताळचे फोटो बघायला ओळखीची माणसं येत होती, आणि ती कौतुकाने सगळ्यांना सांगत होती, यांच्या जर्मन मित्राने सणाला यांना घरी नेलं, अगदी घरच्यासारखं ठेवलं. लेक जागृती शाळेतल्या मैत्रिणींना बजावून सांगायची, "धिस इज रिअल स्नो, ओके?" एकाही फोटोत योखेनचे वडील नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कंपनीने प्रज्योतला ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवलं होतं. नाताळात तिथला कारखाना बंद राहणार हे कळल्यावर प्लांटवर सोबत काम करणाऱ्या योखेनने त्याला आपल्या गावी बोलावलं. सणासुदीला दुसऱ्याच्या घरात कसं जायचं, म्हणून प्रज्योत संकोचला. पण योखेन हट्टालाच पेटला. "तू येणार असशील तरच मी रजा टाकतो," तो म्हणाला. बहरीनमध्ये इतकी वर्षं काढून एवढी माया प्रज्योतला कुणी लावली नव्हती.

गाव लहानसं, डोंगराच्या पायथ्याशी. छपरांवर बर्फ साचलेला, धुराड्यांतून धूर निघत असलेला. दारापाशी पोचल्यावर योखेनने त्याला पुढे केलं आणि स्वतः बॅगा घेऊन मागे उभा राहिला. दार योखेनच्या आईने उघडलं. तिने प्रज्योतकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ती रडायलाच लागली. परक्या माणसासाठी डोळ्यांत पाणी आणणारी बाई प्रज्योत पहिल्यांदाच पाहत होता.

संध्याकाळी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावल्या. टेबलावर भाजलेलं हंस पक्ष्याचं मांस, लाल कोबी, बटाट्याचे गोळे असं सगळं मांडलेलं. तेवढ्यात योखेनचे वडील आले. उंच, ताठ म्हातारा. त्यांनी एकदा टेबलाभोवती नजर फिरवली, बायकोच्या हातातली प्लेट घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं.

आईने प्रज्योतला आणखी वाढलं.

हे त्याने आधी पाहिलेलं होतं. महाडजवळच्या गावात शाळेत असताना एका मित्राने त्याला जेवायला घरी नेलं होतं. पानं मांडली गेली, कुणीतरी आडनाव विचारलं, आणि मित्राचे वडील आपलं ताट उचलून आत जाऊन बसले. मित्राच्या आईने तेव्हाही आणखी वाढलं होतं. पण ते गाव मागे टाकून, समुद्र ओलांडून प्रज्योत पोटापाण्याला लागला होता. इथे तर आडनाव विचारायचीही गरज पडली नाही. कातडीच पुरली.

मुक्काम संपेपर्यंत रोज तेच झालं. योखेन मान खाली घालून जेवायचा. त्याला लाज वाटत असेल, असं प्रज्योतने धरलं. निघताना म्हातारा अंगणातला बर्फ ओढत होता. त्याने फावडं थांबवून प्रज्योतकडे पाहत मान लववली. योखेन तेव्हा गाडीत जाऊन बसला होता. पाहुणा चालला म्हणून हायसं वाटलं असेल, प्रज्योतच्या मनात आलं.

एका गुरुवारी सीमा पडद्यांचं कापड घ्यायला बाब अल बहरीनच्या बाजारात गेली, तिथे तिला योखेन भेटला. तिने त्याला तिथल्या तिथे शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं. प्रज्योतला नाही म्हणायला जागा उरली नाही.

तिने कोंबडीचा रस्सा केला, तांदळाच्या भाकरी केल्या. योखेन हाताने जेवत होता. प्रज्योत त्याच्या शेजारी बसला होता, पण ताटाकडे बघत. सीमाने घरच्यांची चौकशी केली, तेव्हा योखेन म्हणाला की आईचा फोन आला होता, पुढच्या नाताळला तुम्ही तिघांनीही यायचं असं तिने बजावलंय.

सीमा हरखली. जागृतीने "रिअली?" म्हणून मान वर केली.

"मी येणार नाही," प्रज्योत म्हणाला.

सीमाचा वाढता हात थांबला. योखेनने कारण विचारलं.

"तुझ्या वडिलांना माझ्यासोबत जेवता आलं नाही," प्रज्योत शांतपणे म्हणाला. "माझ्यामुळे त्यांना स्वतःच्या घरात, सणाच्या दिवशी, आत जाऊन बसावं लागलं. ती वेळ त्यांच्यावर पुन्हा नको. माझ्यावरही नको. माझ्या मुलीवर तर नकोच नको."

सीमा नवऱ्याकडे बघतच राहिली. इतके दिवस ती माणसांना फोटो दाखवत होती.

योखेनने हातातली भाकरी खाली ठेवली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला प्रज्योतला पुढे वाकावं लागलं.

"माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. गाडी मी चालवत होतो. तेव्हापासून बाबांनी मला त्या घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते तुझ्यासमोरून उठून गेले नाहीत, प्रज्योत. माझ्यासमोरून गेले. पाहुण्याच्या तोंडावर ते दार लावणार नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून तुला नेलं."