लोकेशन

नाशिकच्या पक्षीवेड्यांचा तो व्हॉट्सॲप ग्रुप जेमतेम आठ जणांचा. हर्षालीनं सातपूरमागच्या डोंगरातल्या कपारीतल्या घुबडाच्या पिल्लांचा फोटो मोठ्या हौसेनं त्यावर टाकला, तर सगळे मूग गिळून गप्प. एकट्या ग्रुपच्या ॲडमिन धम्मपाल सरांनी लिहिलं, "जागा कुणाला सांगू नकोस." कौतुकाचा एक शब्द नाही! 'जळतात मेले,' म्हणत ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि तोच फोटो तिनं फेसबुकवरच्या लाखभर पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर टाकला. तिथं लाइक मोजता येईनात. "ताई, तुमच्या नजरेला सलाम!" "ताई, लोकेशन?" इतक्या मायेनं विचारणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? तिनं नकाशाची लिंकच टाकून दिली.

पुढच्या रविवारी ती डोंगरावर गेली. आदल्या रात्री अमावास्या होऊन गेली होती. घुबडावर त्या दिवशी जादूटोणेवाल्यांचा डोळा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कपारीत चार पिसं होती, पिल्लं नव्हती.

तिनं तिथूनच रडत सरांना फोन लावला. "सर, चुकलं माझं. मला परत ग्रुपमध्ये घ्या."

"घेतो की," सर म्हणाले. "ती जोडी सहा वर्षं तिथंच पिल्लं वाढवत होती गं. आम्ही सातही जण दर हिवाळ्यात लांबूनच बघून यायचो. फोटो मात्र आजवर एकानंही टाकला नव्हता."