पुलावरची चेटकीण

"हात लावू नका! घडी मोडेल!" नवऱ्याने गळा चिरका करून म्हटलं, आणि टेबलाभोवतीचे सगळे फिस्सकन हसले.

तीही हसली. रविवारची दुपार, जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने स्वतः रंगवलेला नकाशा, त्यावर नदी, नदीवर पूल, पलीकडे किल्ला. खेळ बराचसा तोंडी, जोडीला सोंगट्या आणि फासे; प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. तिची ढालकरीण, नणंदेची चोरटी, नवऱ्याच्या ऑफिसातला मित्र, ज्याला सगळे लांब्या म्हणत, त्याचा तिरंदाज. बाकी जग नवऱ्याचं. तो सूत्रधार. राजापासून डासापर्यंत सगळ्यांची सोंगं तोच घ्यायचा, आणि एका नियमाला पक्का होता: कुणी पात्राला प्रश्न विचारला, की सूत्रधाराने तो टाळायचा नाही, आणि उत्तर पात्राच्याच आवाजात द्यायचं.

सोंगं मात्र सगळी उचललेली. कर गोळा करणारा राक्षस म्हणजे ऑफिसातला साहेब. तीन तोंडांची घूस म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाई. आपल्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं खाकरणं तर तिनेच त्याला हौसेने शिकवलं होतं. कोण कुठून आलंय ते ओळखायचं आणि पोट धरून हसायचं, ही या टेबलाची जुनी गंमत.

आज पुलावर चेटकीण होती. पाठीला पोक, काखेत पत्र्याची पेटी.

"पेटीत काय गं म्हातारे, सोनं?" लांब्याने विचारलं.

"झबली!" नवरा चिरकला. "इवलीइवली झबली!"

नणंदेला हसून ठसका लागला. "अगं, मग फेकून दे की! वाट अडवून काय बसलीयेस?"

नवऱ्याने खांदे वर चढवले, मान वाकडी केली आणि पेटी छातीशी धरल्यासारखे हात केले. "असू दे," तो म्हणाला. "कधी लागली तर?"

पाण्याचा ग्लास तिच्या ओठांपर्यंत गेला होता, तो तिने खाली ठेवला.

उन्हाळ्यात ती दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आली, तेव्हा कपाटासमोर फरशीवर बसून तिने हे म्हटलं होतं. नवरा ती झबली पिशवीत भरायला लागला होता, कुणाला तरी देऊन टाकू म्हणत होता. हात लावू नकोस, घडी मोडेल. असू दे. कधी लागली तर? घरात तेव्हा दोघंच होती. हे शब्द तिने आईलाही सांगितले नव्हते.

आणि या मेल्याने त्यांना पोक लावलं होतं!

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नकाशा टराटरा फाडावा, त्याच्या तोंडावर फेकावा, आणि या दोघांनाही दाराबाहेर काढावं असं तिला वाटलं. पण ती दोघं तरी काय करणार! तिचं बाळ गेलं हे नणंदेला माहीत होतं, झबल्यांचं नव्हतं. लांब्याला तर कशाचाच पत्ता नव्हता. माहीत असणारा एकटाच होता, आणि तो टाळी मिळाल्यासारखा खुशीत बसला होता.

"कधी लागली तर!" लांब्याने नक्कल केली. "भारी आहे राव ही. पण डोकं उठवलंन. उडवूया का? एक बाण, विषय संपला."

"उडव, उडव!" नणंद म्हणाली. "पेटी नदीत जाऊ दे."

लांब्याने फासे उचलले. तिने आपली सोंगटी पुढे सरकवली. तिरंदाज आणि चेटकीण यांच्या बरोबर मधे.

"वहिनी, अहो, चेटकीण आहे ती!"

"दिसतंय मला. ढाल वर आहे माझी. बाण मारायचा तर आधी मला मारा." तिचा आवाज इतका सरळ होता की लांब्याने फासे मुकाट्याने खाली ठेवले. "मला तिच्याशी बोलायचंय."

आता नवऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचे वर चढवलेले खांदे हळूहळू खाली आले. काय करून बसलो ते त्याला कळलं असावं. निदान ती चिडलीय एवढं तरी कळलं.

"अगं, पुढे जाऊ या ना," तो आपल्या साध्या आवाजात म्हणाला. "किल्ला राहिलाय अजून. ही काय, उगाच आपली वाटेतली गंमत."

"किल्ला कुठे पळून जात नाही." तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती नकाशावरच्या चेटकिणीकडे बघत होती. "बाई, ही झबली कुणाची गं?"

नणंदेचं हसू विरलं. तिने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"ऐक ना," नवरा म्हणाला. "आपण नंतर बोलू. मी फक्त..."

"मी तुला विचारलेलं नाही. तिला विचारलंय." आता तिने नजर उचलली. "नियम तुझाच आहे ना? टाळायचं नाही. आणि तिच्याच आवाजात."

नवऱ्याने नणंदेकडे पाहिलं. तिने मान फिरवली. लांब्या मात्र खुर्चीत पुढे सरकून बसला होता, आता काहीतरी झकास होणार म्हणून.

नवऱ्याने पुन्हा खांदे वर चढवले. गळा चिरका करायला गेला, तो धड झालाच नाही, मधेच फाटला.

"माझ्या... माझ्या बाळाची."

लांब्या खो खो हसला. एकटाच.

"जमलाय हं आवाज," ती नवऱ्याला म्हणाली. "थांबलास का? पुढे बोल."